नख हिरवं पडलंय? प्रत्येक वेळी ती बुरशी नसते

जून सरता सरता खानापूर, चंदगड, सत्तरी या पट्ट्यात भाताची रोपलावण सुरू होते आणि पुढे कित्येक दिवस हात चिखलपाण्याबाहेर निघत नाहीत. शहरात शेत नसलं तरी पाणी आहेच. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, हॉटेलात ग्लास विसळणारा पोरगा, मासळी कापणारी बाई, पार्लरमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांचे केस धुणारी मुलगी, वॉर्डात सतत हात धुणारी नर्स. यांच्यापैकी कुणाच्या तरी एखाद्या बोटाचं नख एका कडेने हिरवट दिसायला लागतं. दुखत नाही, खाजत नाही. आधी वाटतं, भाजीचा डाग असेल. साबणाने घासलं तरी तो जात नाही. मग औषधाच्या दुकानात बोट पुढे करायचं आणि दुकानदाराने "फंगस आहे" म्हणत एक ट्यूब हातात ठेवायची, हा ठरलेला रस्ता.

तो रस्ता बऱ्याच वेळा चुकतो. नखाचा हिरवा रंग हे सहसा बुरशीचं नव्हे, जिवाणूचं काम असतं. बुरशीची ट्यूब त्याला लागू पडत नाही, बुरशीच्या गोळ्याही नाहीत. पैसे जातात, महिने जातात, आणि नखाखाली जी खरी अडचण आहे ती तशीच राहते. ती अडचण म्हणजे एक फट. या लेखात पुढे जे काही सांगितलंय ते त्या फटीभोवतीच फिरतं.

रंग कुठून येतो

या जिवाणूचं नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा. नाव अवघड आहे, पण त्याच्या दुसऱ्या शब्दाची गोष्ट आपल्याला लगेच कळेल. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते आणि भांड्याला हिरवट थर धरतो. तांब्या-पितळेवरच्या या हिरव्या गंजाला आपल्याकडे जंगाल म्हणतात, लॅटिनमध्ये त्याला 'एरुगो' म्हणतात. जिवाणूचं नाव त्यावरून पडलं. फ्रान्समध्ये कार्ल गेसार यांनी १८८२ साली जखमांच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या का होतात याचा शोध घेताना हा जिवाणू वेगळा काढून दाखवला. नखावरच्या हिरव्या रंगाचं वर्णन मात्र बरंच नंतर, १९४४ साली, गोल्डमन आणि फॉक्स या दोन डॉक्टरांनी केलं. म्हणून वैद्यकीय पुस्तकांत याला गोल्डमन-फॉक्स सिंड्रोम असंही नाव आहे. दुसरं नाव क्लोरोनिकिया. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यातलं काहीही दिसलं तरी घाबरू नका, अर्थ एकच: हिरवं नख.

हा जिवाणू दोन रंगद्रव्यं तयार करतो. पायोसायनिन हे निळसर हिरवं आणि पायोव्हर्डिन हे पिवळसर हिरवं. दोन्हींचं प्रमाण कमीजास्त होतं, त्यामुळे कुणाचं नख पोपटी दिसतं, कुणाचं गडद हिरवं, आणि रंग फार साठला तर जवळजवळ काळं. ही रंगद्रव्यं जिवाणू काही आपल्याला त्रास द्यायला बनवत नाही. पायोव्हर्डिनच्या मदतीने तो आजूबाजूचं लोह ओढून घेतो आणि पायोसायनिन इतर सूक्ष्मजीवांना जवळ फिरकू देत नाही. आपल्या नखाला बसतो तो त्याच्या या उद्योगाचा डाग.

डाग नखाच्या आतल्या बाजूला चिकटतो. म्हणूनच वरून कितीही घासलं तरी निघत नाही.

फट नसेल तर जिवाणू काही करू शकत नाही

स्यूडोमोनास सगळीकडे आहे. ओली माती, साचलेलं पाणी, सिंकचं भोक, नळाची तोटी, भांडी घासायचा स्पंज, न्हाणीघरातला लुफा. रोज त्याला आपण शिवतो. तरी सगळ्यांची नखं हिरवी होत नाहीत, कारण धड नखात त्याला जागा नसते. नखाची कडक पाटी खालच्या मांसाला घट्ट चिकटलेली असते आणि मुळाशी पातळ कातडीची शिवण पाणी आत जाऊ देत नाही. ही पाटी कुठे तरी सुटली की तिच्याखाली एक पोकळ खिसा होतो. त्याला डॉक्टर ऑनिकोलायसिस म्हणतात. तिथे हात धुताना पाणी शिरतं, पण बाहेर पडत नाही. उबदार, ओली, अंधारी जागा. जिवाणूला याहून जास्त काही लागत नाही.

पाटी सुटण्याची कारणं साधी असतात. दारात बोट चेंगरणं. नखाने डबे, पाकिटं उघडणं. नखातली माती आगकाडीने, सेफ्टी पिनने खोलवर टोकरून काढणं. यात माती निघते आणि तिच्याबरोबर पाटीही उचकटते. पावडर आणि साबणात रोजचे कित्येक तास. पायाच्या बाबतीत घट्ट बूट, जे प्रत्येक पावलाला अंगठ्याचं नख मागे ढकलतात. त्यात मोजे ओले असले तर विचारायलाच नको. काही वेळा कारण शरीरात असतं. सोरायसिसमध्ये नख सुटतं, थायरॉइड वाढलेला असेल तर सुटतं, कॅन्सरच्या काही औषधांनी सुटतं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असताना उन्हात फार फिरलं तरी सुटू शकतं. एका बोटाचं नख सुटलं तर मार किंवा पाणी हे कारण धरावं. पाच-सहा बोटांची सुटली तर रक्ततपासणी करून घेणं बरं.

बुरशीचा संबंध इथे येतो, आणि गोंधळही इथेच होतो. बुरशीसुद्धा नख उचकटते. तिने केलेल्या फटीत मागाहून स्यूडोमोनास जाऊन बसू शकतो, म्हणजे एकाच नखात दोघे भाडेकरू. त्यात आणखी एक गुंता आहे. स्यूडोमोनास प्रयोगशाळेत बुरशीची वाढ दाबतो, त्यामुळे हिरव्या नखाचा तुकडा तपासायला दिला तर बुरशी असूनही अहवालात ती न दिसण्याची शक्यता असते. म्हणून जाणते डॉक्टर आधी हिरवा रंग आणणाऱ्याचा बंदोबस्त करतात आणि नख तरीही जाड, ठिसूळ, पिवळट राहिलं तर बुरशीची तपासणी पुन्हा करतात.

नखुरडं वेगळं, पण शेजारचं

नखाच्या कडेची कातडी लाल होऊन सुजते, ठणकते, पू धरते, ते नखुरडं. एकाएकी आलेलं नखुरडं बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जिवाणूचं असतं, त्यात नख हिरवं होत नाही. पण पाण्यात काम करणाऱ्यांना एक जुनाट, रेंगाळणारं नखुरडं होतं. मुळाशी असलेली कातडीची शिवण झिजून जाते, कड कायम फुगलेली राहते, दाबलं की थोडं दुखतं. या सुजलेल्या कडेखालून पाणी आत जातं आणि अशा वेळी हिरवा रंग नखाच्या टोकाकडून नव्हे, बाजूने किंवा मुळाकडून सुरू होतो. कधी कधी नखावर हिरव्या आडव्या पट्ट्या उमटतात. प्रत्येक पट्टी म्हणजे जिवाणूने एकदा डोकं वर काढल्याची खूण.

सुश्रुतसंहितेतल्या क्षुद्ररोगांच्या यादीत 'चिप्प' आणि 'कुनख' असे नखाचे दोन विकार आहेत. नखाच्या दुखण्याला क्षुद्र म्हणायची पद्धत जुनीच आहे म्हणायची. भाकरी थापायच्या हाताला नखुरडं झालं की ते किती क्षुद्र असतं, हे ज्याचं त्याला ठाऊक.

नखुरड्यावर लिंबाला भोक पाडून त्यात बोट रात्रभर खुपसून ठेवायचा उपाय आपल्याकडे घरोघर आहे. ठणका थोडा कमी होतो असं लोक सांगतात. हिरव्या नखाला मात्र हा उपाय करू नये. लिंबू आंबट आहे हे खरं, पण बोट आठ तास ओल्या टोपीत कोंडून ठेवणं म्हणजे जिवाणूला हवं तेच देणं. हळदीचा लेप, खोबरेल तेल यांचीही तीच गत. लेप नखाखालच्या फटीत नीट पोहोचत नाही, आणि हळदीने नख असं पिवळं होतं की डॉक्टरांना खरा रंगच दिसत नाही.

कोणता रंग कशाचा

सगळं हिरवं-काळं जिवाणूचं नसतं. ही ओळख थोडी नीट करून घ्या, कारण यातली एक गोष्ट जिवावरची आहे.

मार लागून नखाखाली रक्त साकळलं तर रंग जांभळा, मग तपकिरी-काळा होतो. मार आठवत असतो आणि डाग नखाबरोबर हळूहळू पुढे सरकत जातो. बुरशीचं नख पांढरट किंवा पिवळट, जाड, भुगा पडणारं; पायाच्या अंगठ्याला जास्त. जिवाणूचं हिरवं नख सहसा एका किंवा दोन बोटांनाच असतं, गुळगुळीत राहतं, सुटलेल्या भागाच्या आकाराचंच असतं आणि जवळ नेलं तर काही वेळा द्राक्षासारखा किंचित गोडूस वास येतो. मेंदी, नेलपॉलिश आणि कापडाचा रंग यांचे डाग वरच्या बाजूला असतात, खरवडले की निघतात. शहापूर-वडगावच्या विणकरांना आणि सूत रंगवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता ती जिवावरची गोष्ट. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत गेलेली तपकिरी किंवा काळी उभी रेघ. सावळ्या वर्णाच्या माणसांत अशा फिकट रेघा अनेक नखांवर असणं नेहमीचं आहे, त्यात काळजीचं कारण नाही. पण मोठ्या वयात, एकाच नखावर, नव्याने आलेली, दिवसेंदिवस रुंद होत जाणारी, कडा पुसट असलेली रेघ असेल, किंवा काळा रंग नखाबाहेर शेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर तो मेलॅनोमा नावाचा कॅन्सर असू शकतो. हाताचा अंगठा आणि पायाचा अंगठा या त्याच्या नेहमीच्या जागा. आजार दुर्मीळ आहे, पण तो उशिरा सापडतो याचं एक कारण हेच की माणूस महिनोन्महिने बुरशीचं औषध लावत बसतो. काळ्या रेघेला घरगुती उपाय नाही, ट्यूब नाही. थेट त्वचारोगतज्ज्ञ.

हिरवा डाग इतका गडद झालाय की काळाच वाटतो, असं झालं तर डॉक्टर नखाचा सुटलेला तुकडा कापून पाण्यात टाकतात. स्यूडोमोनासचा रंग पाण्यात विरघळतो आणि पाणी हिरवट-निळं होतं. रक्त किंवा काळ्या रेघेचा रंग असा उतरत नाही. वूड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली पायोव्हर्डिन पिवळसर हिरवं चमकतं, त्यानेही ओळख पटते. बऱ्याच वेळा अनुभवी डॉक्टर नुसतं बघूनच सांगतात. शंका असेल तर कल्चर करतात.

उपचार: आधी कात्री, मग औषध

पहिलं काम म्हणजे नखाचा सुटलेला सगळा भाग कापून टाकणं, अगदी जिथे पाटी मांसाला चिकटलेली आहे तिथपर्यंत. खिसाच राहिला नाही तर पाणी साचणार कुठे? दिसायला बोट काही दिवस बोडकं दिसतं आणि पेशंटला हेच पटत नाही. "नख कापू नका, नुसतं औषध द्या की ओ," ही विनंती डॉक्टरांना रोजची. पण उचललेलं नख तसंच ठेवून वरून औषध लावणं म्हणजे गळक्या कौलाखाली भिंत रंगवण्यासारखं आहे. नख जास्त आत सुटलं असेल तर कापणी दवाखान्यातच करून घ्यावी. मधुमेह्यांनी तर घरी कात्री लावूच नये.

मग आंबट पाणी. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड स्यूडोमोनासला सोसत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात या जिवाणूने दूषित झालेल्या जखमा एक टक्का ॲसिटिक ॲसिडने धूत असत. दुकानात मिळणारा पांढरा व्हिनेगर साधारण ४ ते ५ टक्क्यांचा असतो. एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, त्यात बोट पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि नंतर पूर्ण कोरडं करणं. बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असलं तरी चालतं, आम्ल तेच आहे. गोव्यातल्या वाचकांना घरचा माडाचा व्हिनेगर आठवेल. पण त्याची तीव्रता प्रत्येक घरी वेगळी, म्हणून इथे बाटलीवर टक्केवारी छापलेलाच बरा. तीव्र ॲसिटिक ॲसिड आणून घरी पातळ करायचा उद्योग करू नये, कातडी भाजते. चिरा किंवा जखम असेल तर पातळ व्हिनेगरही झोंबतो, मग थांबावं आणि डॉक्टरांना विचारावं.

काही डॉक्टर ब्लीचचं पातळ पाणी सांगतात. ते सांगतील त्याच प्रमाणात करा. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: ब्लीच आणि व्हिनेगर एकाच भांड्यात कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो, तो फुप्फुसाला घातक असतो.

लावायच्या औषधांत जेंटामायसिन, टोब्रामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही नावं येतात. नखाखाली पातळ औषध सहज पोहोचतं, म्हणून डॉक्टर पुष्कळदा डोळ्यांत घालायचे थेंबच नखासाठी लिहून देतात. चिठ्ठीत चूक झाली असं समजून परत जाऊ नका. पोटातल्या गोळ्या क्वचितच लागतात. लागल्याच तर सहसा सिप्रोफ्लॉक्सासिन असते आणि ती गरोदरपणात, लहान मुलांना, किंवा स्नायूबंधाचा त्रास असलेल्यांना स्वतःच्या मनाने द्यायची गोळी नाही. दूध, लोहाची गोळी किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही.

आता काय लागू पडत नाही ते. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन याला लागू पडत नाही, या जिवाणूला त्याचा मुळातच फरक पडत नाही. जखमेवर नेहमी लावतो ती म्युपिरोसिनची किंवा फ्युसिडिक ॲसिडची ट्यूबही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'तीन औषधं एकत्र' असलेली मलमं. त्यात बुरशीचं औषध, जिवाणूचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड असं सगळं कोंबलेलं असतं. सूज दोन दिवसांत उतरते म्हणून लोकांना आवडतात. पण स्टेरॉइडने कातडी पातळ होते, आजार दबून राहतो आणि पसरतो. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. तरी ती मागितली की मिळतात, हे दुकानदारांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही.

स्यूडोमोनास औषधांना पटकन दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नव्या अँटिबायोटिकची सर्वांत जास्त निकड असलेल्या जिवाणूंत कार्बापेनेमला न जुमानणारा स्यूडोमोनास धरला होता; २०२४ च्या सुधारित यादीत तो एक पायरी खाली, पण अजूनही वरच्या गटात आहे. नखातला जिवाणू सहसा इतका हट्टी नसतो. पण अर्धवट गोळ्या घेऊन त्याला शिकवणी द्यायची कशाला?

रंग गेला नाही म्हणजे औषध फसलं, असं नाही

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. पायाचं त्याच्या निम्म्या वेगाने, अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. जिवाणू मेला तरी नखाला बसलेला रंग तिथेच राहतो आणि नखाबरोबर पुढे सरकतो. बरेच जण तीन आठवड्यांनी "काही फरक नाही" म्हणून औषध सोडतात किंवा डॉक्टर बदलतात. फरक रंगात नको, कडेत बघा. मुळाकडून येणारं नख स्वच्छ गुलाबी आहे का, आणि हिरव्याची मागची कड पुढे गेली का? दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच उजेडात मोबाईलवर फोटो काढून ठेवला की उत्तर आपोआप मिळतं. हा फोटो डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

"हात कोरडे ठेवा" हे कुणी कुणाला सांगायचं

चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेलं असतं: हात कोरडे ठेवा. चार घरची भांडी करणाऱ्या बाईने हे कसं करायचं, ते चिठ्ठीत नसतं. रोपलावणीतल्या बाईने कसं करायचं, तेही नसतं. उपचाराचा अर्धा भाग कोरडेपणाच आहे, त्यामुळे हा सल्ला टाळता येत नाही. पण तो जमेल तसा वाकवता येतो.

भांड्यांसाठी रबरी हातमोजे चांगले, मात्र आत सुती मोजा हवा. नुसत्या रबरात हाताला घाम सुटतो आणि अर्ध्या तासात आतून बोटं तितकीच ओली होतात. सुती मोजे दोन-तीन जोड असावेत, रोज धुऊन वाळवलेले. मोज्याला भोक पडलं की तो टाकून द्यायचा. भोकातून गेलेलं पाणी बाहेर येत नाही. घरात कामाला मावशी येत असतील तर हे मोजे आपण आणून द्यावेत, त्यांच्या पगारातून नव्हे. एवढं बोलणं लेखाच्या कक्षेबाहेरचं असेल, पण औषधाच्या ट्यूबपेक्षा मोज्याची किंमत कमी असते.

चिखलात मोजे चालत नाहीत. तिथे नखं अगदी बारीक कापलेली असणं हाच बचाव. संध्याकाळी बांधावरून आल्यावर हात स्वच्छ पाण्याने धुऊन, सुती कापडाने एकेक बोट पुसून, नखाच्या टोकाखाली कापडाचा कोपरा फिरवून पाच मिनिटं पंख्याखाली धरायचे. नखात राहिलेली माती मऊ ब्रशने वरच्यावर काढायची, टोकरायची नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर त्यांचाही उपचार सोबत करावा, कारण ओल तिथे टिकून राहते. ओले बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा घालू नयेत. जमलं तर दोन जोड आलटून पालटून. नेलकटर घरात सगळ्यांचा एकच असतो. हिरवं नख असलेल्याचा तेवढा वेगळा ठेवा.

लग्नसराईत बेळगावपासून इंदूरपर्यंत कृत्रिम नखांची हौस वाढली आहे. ॲक्रिलिक किंवा जेलचं नख एका कडेने सुटलं की त्याच्याखाली पाणी जातं आणि काढल्यावर हिरवा ठिपका दिसतो. पार्लरवाली तो 'मोल्ड' आहे म्हणते आणि वरून नवं नख चिकटवून देते. तसं करू देऊ नका. कृत्रिम नख पूर्ण काढायचं, आणि खालचं नख नवं येईपर्यंत पुन्हा बसवायचं नाही. वरून पॉलिश लावून लपवलं तर रंग लपतो आणि फट तशीच.

स्वतःला त्रास नाही, पण समोर कोण आहे?

धडधाकट माणसाला हिरव्या नखाने सहसा इजा होत नाही. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने ते दुसऱ्याला लागत नाही. पण तोच हात जर कमी दिवसांच्या बाळाला, भाजलेल्या माणसाला किंवा केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटला लागणार असेल, तर हिशेब बदलतो. अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या एका रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात जानेवारी १९९७ ते मार्च १९९८ या काळात ४३९ बाळांपैकी ४६ बाळांमध्ये स्यूडोमोनास आढळला आणि त्यांतली १६ दगावली. तपासात दोन परिचारिकांशी संबंध दिसला. एकीची नैसर्गिक नखं लांब होती, दुसरीची कृत्रिम. अशा अनुभवांनंतर अमेरिकेत २००२ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांत अतिदक्षता विभाग आणि ऑपरेशन थिएटरसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत असं आलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या सूचनांत नैसर्गिक नखंही अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगितलं.

म्हणून नर्स, आया, वॉर्डबॉय, बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाया, घरी आजारी माणसाची जखम बांधणारे नातेवाईक यांनी एखादं नख हिरवं दिसलं तर ते लपवू नये. वरिष्ठांना सांगावं आणि बरं होईपर्यंत नाजूक पेशंटचं काम दुसऱ्याकडे द्यावं. स्वयंपाकाच्या कामातही तेच, निदान हातमोजा तरी.

वाट पाहू नये अशी लक्षणं

बोट ठणकतंय, सुजलंय, पू आहे, लाली हाताच्या मागे चढतेय किंवा ताप आलाय, तर त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेह असेल आणि पायाचं नख हिरवं झालं असेल, तर ठणका नसला तरी लवकर दाखवा. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, त्यामुळे दुखत नाही याचा अर्थ बरं आहे असा होत नाही. हात-पायांचा रक्तपुरवठा कमी असलेले, स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, केमोथेरपीवर असलेले यांनाही हेच लागू. आणि उपचार नीट करूनही दोन-तीन महिन्यांत मुळाकडे स्वच्छ नख येताना दिसलं नाही, तर निदान पुन्हा तपासून घ्या.

डॉक्टरांना त्यांच्या भाषेत

आपल्या वाचकांना हा प्रश्न नेहमी पडतो. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मराठी जाणतातच असं नाही, आणि "हिरवं नख" हे हातवारे करून सांगता आलं तरी "किती दिवसांपासून, कशाने" हे सांगता येत नाही. नेमके दोन-चार शब्द जवळ असले तर बरं.

कर्नाटकात नखाला उगुरु म्हणतात. "उगुरु हसिरु आगिदे" म्हणजे नख हिरवं झालंय. नखुरड्याला 'उगुरु सुत्तु' हा शब्द तिकडे घरोघर माहीत आहे, तो म्हटला की डॉक्टर लगेच कड बघतील. हैदराबादकडे तेलुगूत नख म्हणजे गोरु, हिरवं म्हणजे आकुपच्च, आणि नखुरडं म्हणजे 'गोरुचुट्टु'. कानडी शब्दाचा जुळा भाऊच. इंदूर-ग्वाल्हेरला "नाखून हरा पड़ गया है" एवढं पुरेसं आहे. बडोद्यात "नख लीलो थई गयो छे" म्हणा. गुजरातीत लीलो म्हणजे हिरवा; आपल्या कानाला तो निळा वाटतो आणि तिथेच गोंधळ होतो.

भाषा कोणतीही असो, जाताना नेलपॉलिश आणि मेंदी काढून जा, आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि काम काय करता ते सांगायला विसरू नका. "दिवसातून चार तास पाण्यात हात असतो" हे एक वाक्य डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जातं.